दळण, चऱ्हाट आणि 'मॉन्डर'



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत बहुतेक करून जातीचे दाखले, शिष्यवृत्ती, नाहीतर लग्नविधी याबद्दलच विचारणा असते. या वेळी मात्र आमच्या दिघाशीच्या आणि भिवंडीस कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला आहे. ते क्रियापद म्हणजे 'मॉन्डर'. डिक्शनरीत तिला दोन अर्थ मिळाले. एक, कुठे जायचे ते न ठरवता रेंगाळत भटकणे. दुसरा, मुद्दा सोडून असंबद्ध बडबडत राहणे. पायांनी भटकणे आणि जिभेने भटकणे या दोन्हींना एकच शब्द कसा, आणि मराठीत त्याला काय म्हणावे, असा तिचा प्रश्न आहे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. इंग्रजीशी आमचा संबंध ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरता. परंतु या शब्दाचा माग काढीत गेलो तो थेट आपल्याच उंबरठ्याशी येऊन पोचलो, म्हणून आजची जागा त्याला दिली आहे.

इंग्रजीत हा शब्द फार वापरात नाही. कथाकादंबऱ्यांत एखादे म्हातारे पात्र बोलत सुटले की लेखक तो वापरतो. पण त्याचे मूळ म्हातारपणात नाही, ते भिकेत आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात रस्त्यावर फिरणाऱ्या भिकाऱ्यांची आणि भुरट्या लोकांची एक सांकेतिक बोली होती. थॉमस हारमन नावाच्या एका जमीनदार गृहस्थाने १५६७ च्या सुमारास या भटक्यांपासून सावध राहा असे सांगणारे पुस्तक छापले आणि त्यात त्यांच्या बोलीतले शब्दही दिले. त्यात 'मॉन्ड' हा शब्द आहे, अर्थ, मागणे. पुढे 'मॉन्डर' म्हणजे मागणारा, भिकारी. या 'मॉन्ड'चे मूळ बहुधा फ्रेंच भाषेतल्या भीक मागणे या अर्थाच्या शब्दात, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधील 'मेंडिकस' या शब्दात असावे असे कोशकार मानतात. 'मेंडिकस' म्हणजे ज्याच्या अंगात काही वैगुण्य आहे असा, म्हणून मागून खाणारा.

आता अर्थ कसा घसरत गेला तो पाहावा. सतराव्या शतकात 'मॉन्डर' म्हणजे पुटपुटणे, कुरकुरणे. अठराव्या शतकात त्याचा अर्थ झाला उगाच रेंगाळत भटकणे. एकोणिसाव्या शतकात तो शब्द असंबद्ध बोलण्यासाठी रूढ झाला. म्हणजे दारात उभा राहून एक उपाशी माणूस आपली कर्मकहाणी सांगत होता, आतल्या माणसाला ती पुटपूट वाटली, पुढे बडबड वाटली, आणि शेवटी तर बडबडीलाच त्या माणसाचे नाव पडले. सांगणारा काय सांगत होता ते कोणत्याच डिक्शनरीत आलेले नाही. डिक्शनरी आतल्या माणसाने लिहिली.

तो माणूस दारात का आला होता, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. इंग्लंडात त्या काळी जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी गावाच्या सामाईक कुरणांना कुंपणे घातली. शेतावर राबणारी कुटुंबे रस्त्यावर आली. काम शोधत या गावातून त्या गावात जाणारा माणूस हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरला. १५४७ च्या कायद्याने तर काम न करता भटकणाऱ्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'व्ही' हे अक्षर डागावे आणि त्याला दोन वर्षे गुलाम म्हणून द्यावे असे ठरवले होते. तो कायदा फार टिकला नाही, तीनच वर्षांत रद्द झाला. पण त्यामागची वृत्ती टिकली, आणि तीच जहाजात बसून आपल्याकडे आली.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. आईच्या पोटातून आलेले लेकरू जन्मतःच गुन्हेगार, कारण त्याची जमात फिरती. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत वसाहती केल्या होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक त्यातून मोकळे झाले, म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत आजही एका जमातीचे नाव 'भामटा' असे आहे, आणि आपल्या घरोघरी हाच शब्द शिवी म्हणून फिरतो. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले, ते काही हौसेने नव्हे.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ म्हटले असते की गोऱ्याचे राज्य होते. पण स्वातंत्र्यानंतर १९५९ साली आपल्याच मुंबई राज्याने भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात भिकेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणे ही भीक. आणि पोट भरण्याचे काही साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी हिंडणे हीसुद्धा भीक. म्हणजे वासुदेव, पोतराज, डोंबारी, कडकलक्ष्मी सगळे एका कलमात बसले. हाच कायदा दिल्लीलाही लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

आमच्या वाचकांपैकी काहीजण म्हणतील, हे सर्व भटक्या-विमुक्तांचे झाले, यात आपला बौद्ध समाज कुठे आला? तर प.पू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांचा १९४८ सालचा अस्पृश्य मूळचे कोण हा ग्रंथ काढून पाहावा. त्यात बाबासाहेबांनी मांडले आहे की माणसे जेव्हा गुरे घेऊन फिरणे सोडून शेती करून एका जागी राहू लागली, तेव्हा टोळ्यांच्या लढायांत मोडून पडलेल्या, वाताहत झालेल्या लोकांना निवाऱ्याची गरज होती, आणि गाववाल्यांना राखणदाराची. त्यांना गावाच्या शिवेवर जागा मिळाली आणि राखणीच्या बदल्यात अन्न मिळाले. आपले पूर्वज हे असे हरवून भटकलेले लोक होते, असा त्यांचा सिद्धांत. तेव्हा 'भटके' म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपली पायधूळ पाहावी हे बरे.

आणि भाकरीचे म्हणाल तर तेही फार जुने नाही. गावकीची पाळी असलेला येसकर संध्याकाळी काठी घेऊन घरोघर भाकर मागत फिरे. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पाचपाच कोस चालत जाणे हे महाराचे काम. दवंडी देणे हे महाराचे काम. दारात उभे राहून 'वाढा माय' म्हणणे याला गाव भीक म्हणे, आणि आपले लोक बलुत्याचा हक्क म्हणत. कामाचा मोबदलाच तो, पण शिळ्या तुकड्याच्या रूपाने आणि वरून टाकलेला. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी शिळेपाके मागून खाणे सोडा असे बजावले, आणि १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल कौन्सिलात आणले. ते बिल तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

इथे एक गंमत सांगतो. इंग्रजी पुस्तकांत आपल्या 'भिक्खू' या शब्दाचे भाषांतर अनेकांनी 'मेंडिकंट' असे केले आहे. म्हणजे तोच तो लॅटिन 'मेंडिकस', ज्याच्या वंशात 'मॉन्डर' जन्मला असावा. 'भिक्खू' शब्दात भिक्षा आहे हे खरेच. पण विनयाप्रमाणे भिक्खूने दारात गप्प उभे राहायचे असते. तोंडाने मागायचे नसते, कहाणी सांगायची नसते, आशीर्वादाचे आमिष दाखवायचे नसते. कुणी वाढले तर घ्यायचे, नाही वाढले तर पुढच्या दारी जायचे. नुसते मागतो म्हणून कुणी भिक्खू होत नाही असे धम्मपदातही सांगितले आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, पण त्यात 'भिक्खू' हा शब्द तसाच ठेवला, आणि भिक्खूने समाजाची सेवा करावी हे खणखणीत सांगितले. आम्हांला वाटते ते शब्दाच्या पोटात काय दडलेले असते हे जाणून होते.

भटकण्याचेही तसेच. तथागत पंचेचाळीस वर्षे पायी फिरले. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, बाकीचे नऊ महिने रस्ता. याला आपण भटकणे म्हणत नाही, 'चारिका' म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी 'चर्' हा धातू आहे, अर्थ चालणे, फिरणे. त्याच धातूपासून आचार आला, चारित्र्य आले, संचार आला आणि विचारही आला. (अत्याचार आणि भ्रष्टाचारही त्याच घरातले. प्रत्येक घरात एखादे कार्टे असतेच.) एका भाषेत फिरणाऱ्याच्या नावापासून बडबड हा अर्थ निघाला, तर आपल्या भाषेत फिरण्याच्या शब्दापासून विचार निघाला. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे आम्ही देऊ शकतो ते उत्तर एवढेच.

पण लगेच पाठ थोपटून घेऊ नये. दुसरा प्रश्न होता, मराठीत 'मॉन्डर'ला काय म्हणावे. आम्ही कागद घेऊन शब्द लिहायला बसलो आणि बसल्या बैठकीला डझनभर शब्द निघाले. कुणी लांबण लावली की आपण म्हणतो, काय दळण लावलंय. काय चऱ्हाट वळतोय. चर्चेचं गुऱ्हाळ चाललंय. तुणतुणं वाजवू नकोस. भारूड आवर. किती गोंधळ घालशील. स्वतःची टिमकी वाजवतोय. गावभर दवंडी पिटत सुटली. आणि अगदीच वैताग आला की, तमाशा बंद कर.

आता यातला एकेक शब्द उचलून पाहा. दळण कुणी दळले? पहाटे चारला उठून जात्याशी बसलेल्या बाईने. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, तो मातंग बांधवांनी वळला. गुऱ्हाळावर रात्ररात्र कढईशी कोण उभे राहिले? मजूर. तुणतुणे शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याचे. गोंधळ हा गोंधळ्यांचा रात्रभर चालणारा विधी, त्यात कथा आहे, गाणे आहे. आज त्या शब्दाचा अर्थ गडबड-घोटाळा एवढाच उरला. दवंडी आपल्या आज्याने दिली. तमाशा तर सांगायलाच नको. ज्या फडांवर महार-मांग कलावंतांनी आयुष्ये काढली, ती कला सभ्य घरात लाज आणणाऱ्या भांडणाचे नाव झाली. हातांनी काम करणाऱ्यांचे काम आणि गळ्याने गाणाऱ्यांचे गाणे, दोन्ही मराठीने फालतू बोलण्याच्या खात्यात जमा करून टाकले. जे इंग्रजाने 'मॉन्डर'चे केले, तेच.

न्यायाने बोलायचे तर 'पुराण लावणे' हाही शब्द आहे, आणि पुराण सांगणारे काही आपल्यातले नव्हते. 'कीर्तन पुरे' असेही म्हणतात. 'पाल्हाळ' या शब्दाला तर जात नाही, काम नाही, तो नुसता पसारा. तेव्हा हे कुणी कट करून केले असे आमचे म्हणणे नाही. भाषा कट करत नाही, ती सवयीने वळते. पण सवय कुणाची, हा प्रश्न राहतोच. दोन तास चाललेल्या प्रवचनाला प्रवचनच म्हणतात, आणि पंधरा मिनिटे बोललेल्या आजीला म्हणतात, म्हातारीने दळण लावलंय.

'नमनाला घडाभर तेल' या म्हणीचेही तसेच आहे. रात्रीच्या खेळात मशाली-दिवट्यांचा उजेड असे. नमनातच तेल संपले तर वगाला काय जाळायचे, हा खरा हिशेबाचा प्रश्न होता. तेल विकत घेणाऱ्या गरीब फडमालकाला तो पडत असे. आज ही म्हण वापरणाऱ्याच्या घरी वीज असते.

हा सगळा शब्दांचा खेळ वाटत असेल तर टेबलापलीकडची एक गोष्ट सांगतो. आमचे निम्मे आयुष्य कारकुनाच्या खुर्चीत गेले आहे. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत, नाव सांगत नाही, एक आजी निराधार पेन्शनच्या कामाला आल्या होत्या. वयाचा दाखला नाही. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारले, आजी, वय किती? आजी म्हणाल्या, "आता कसं सांगू बाबा. बाबासाहेब गेले तवा आमच्या घरात दोन दिस चूल नव्हती. बापू दादरला गेला चालत चालत, कल्यानपत्तूर. मी पाटी घेऊन बसलेली, मास्तर बोलला, आज शाळा नाय, घरी जा. मी दुसरीत व्हते." मग मास्तरांचे वर्णन, मग शाळेजवळची चिंच, मग वडील परत आले ते डोके भादरून आले त्याची हकीकत. साहेब म्हणाले, "आजी, मुद्द्याचं बोला. वय सांगा."

अहो, मुद्दा बोलून झाला होता! महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. तेव्हा मुलगी दुसरीत, म्हणजे वय सातएक वर्षांचे. आणि दुसरीत, म्हणजे कुठल्या तरी शाळेच्या जनरल रजिस्टरात तिचे नाव असणार. चिंचेवरून शाळा कळली, शाळेवरून गाव कळले. माणूस पाठवला, रजिस्टर निघाले, त्यात जन्मतारखेसह नाव सापडले आणि पेन्शनचा अर्ज मार्गी लागला. त्या चिंचेला पाल्हाळ म्हणून वगळले असते तर आजीबाई आणखी दोन वर्षे खेटे घालत राहिल्या असत्या. आणि त्यांच्या वयाला दोन वर्षे म्हणजे काय, हे आम्ही लिहायला नको.

ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्याकडे सांगणे असते. ते सांगणे सरळ रेषेत येत नाही. आठवणीला कलमे आणि पोटकलमे नसतात.

या ठिकाणी आम्हांला पटाचारा थेरीची आठवण होते. वर्षावासात ही कथा आपल्या विहारांतून सांगितली जाते, पण आमच्या मते तिच्या एका भागाकडे पुरेसे लक्ष जात नाही. श्रावस्तीच्या सावकाराची ही मुलगी. घरच्या नोकरावर प्रेम बसले, दोघे पळून गेली. दुसऱ्या बाळंतपणाला आईबापाच्या घरी जावे म्हणून निघाली. वाटेत वादळ गाठले. नवरा आडोशासाठी झाडपाला तोडायला गेला तो सापाने डसून मेला. रात्री उघड्यावर ती बाळंत झाली. सकाळी नवऱ्याचे प्रेत पाहिले. पुढे नदीला पूर. तान्हे पोर पैलतीरी ठेवून मोठ्याला न्यायला परत फिरली, तर मध्यावर असताना घारीसारख्या पक्ष्याने तान्ह्यावर झडप घातली. ती ओरडली, हात हलवले. अलीकडच्या पोराला वाटले आई बोलावते आहे, ते पाण्यात उतरले आणि वाहून गेले. रडत श्रावस्तीच्या वाटेला लागली तर समोरून येणाऱ्याने सांगितले, रात्रीच्या पावसात घर कोसळून तुझे आईबाप आणि भाऊ गेले, तो पाहा चितेचा धूर.

तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळाले तेही कळले नाही. गावोगाव फिरत राहिली, बडबडत राहिली. पाय भटकत होते आणि जीभही. डिक्शनरीतले दोन्ही अर्थ एकाच बाईच्या ठायी. लोक काय करत? माती फेकत, ढेकळे मारत, वेडी म्हणून हाकलून देत. जेतवनात भगवान धम्मदेसना देत असताना ती तिथे आली. लोक म्हणाले, हिला येऊ देऊ नका. भगवान म्हणाले, येऊ द्या तिला. जवळ आल्यावर तिला भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर ये असे सांगितले. ती भानावर आली, लाजून खाली बसली, कुणीतरी आपले पांघरूण तिच्याकडे टाकले. मग ती बोलली. नवरा कसा गेला, पोरे कशी गेली, आईबाप कसे गेले. भगवंतांनी तिला मध्येच तोडले नाही. जी बडबड म्हणून लोकांनी झिडकारली होती, तीत एकूण सहा मृत्यू होते आणि एकही शब्द खोटा नव्हता.

पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्र ठरली. ज्या बाईला लोक असंबद्ध म्हणत होते, तिला संघाचे नियम सर्वांत चोख माहीत होते. दुःखाने पोळलेल्या कितीतरी स्त्रिया पुढे तिच्याकडे आल्या, आणि थेरीगाथेत त्यांनी तिचे ऋण मानले आहे.

याचा अर्थ कुणीही कितीही बोलत सुटावे असा मात्र नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे आणि तिथे खोटे, चहाडी व कठोर बोलणे यांच्याबरोबर चौथे 'सम्फप्पलाप' म्हणजे निरर्थक बडबड हीसुद्धा वर्ज्य सांगितली आहे. कसोटी कोणती, तर बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, वेळेला धरून आहे का. बोलणे किती लांब आहे हे त्या कसोटीत नाही.

आपल्याच भागातले उदाहरण आहे. आजच्या नालासोपाऱ्याजवळचे सोपारा म्हणजे त्या काळचे शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तिथला स्तूप उकरला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. या शूर्पारकातला बाहिय नावाचा माणूस भगवंतांना भेटायला थेट श्रावस्तीपर्यंत चालत गेला. भगवान भिक्षेला निघालेले. रस्त्यातच पाय धरून म्हणाला, मला धम्म सांगा. भगवान दोनदा म्हणाले, ही वेळ नव्हे. तिसऱ्यांदा विनवल्यावर जे सांगितले ते एवढे थोडके होते की ते म्हणायला मिनिटभरही लागत नाही. बाहियाला तेवढे पुरले. थोड्याच वेळात एका गाईने त्याला मारले. लांबण लावली असती तर त्याला ऐकायला वेळच उरला नव्हता.

आता आपल्या जयंतीच्या स्टेजवर या. पाहुण्यांचे आगमन साडेसातचे, येतात साडेनवाला. मग पुष्पहार. मग ज्यांचे पुष्पहार राहिले त्यांची नाराजी दूर करण्यासाठी पुन्हा पुष्पहार. मग 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही, दोनच शब्द बोलतो' असे म्हणून पाऊण तास. दिघाशीत असो की मुंबईत, हे आम्ही सगळीकडे पाहिले आहे. महिला मंडळाच्या बायका पोरे मांडीवर निजवून बसलेल्या. साडेअकराला सूत्रसंचालक म्हणतात, वेळेअभावी महिलांच्या मनोगताचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे. या 'वेळेअभावी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते आमच्या विद्यार्थिनीने शोधावे.

वास्तविक या मनोगतातच आपला इतिहास आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघीजणी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या बायांच्या घरी गेल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि ऐकत राहिल्या. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. परिषदा, सत्याग्रह, वसतिगृहे यांत बायका होत्या, हे तोपर्यंत कागदावर फार थोडे आले होते. त्या बाया काही मुद्देसूद टिपण काढून बसल्या नसतील. जेवणाची, लुगड्याची, सासूची गोष्ट सांगता सांगता सत्याग्रहाची गोष्ट आली असेल. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन्ही पुस्तके १९८६ ची. त्यांचीही भाषा घरातली, अंगणातली आहे. त्यांना कुणी मुद्द्याचं बोला म्हणून बसवून टाकले असते, तर आज विद्यापीठात लावायला पुस्तके नसती.

हे लिहिण्याची घाई एवढ्यासाठी की १९५६ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. जाणते होते ते बहुतेक गेले. दीक्षेनंतर गावात देव कुणी विसर्जित केले, येसकरकी पहिल्यांदा कुणी नाकारली, त्या रात्री वस्तीवर काय झाले, विहिरीवर पहिली घागर कुणाची भरली, हे प्रत्येक गावाचे वेगळे आहे आणि ते कोणत्याही ग्रंथात नाही. ते खाटेवर बसलेल्या एखाद्या आत्याच्या तोंडी आहे आणि सून आतून म्हणते आहे, झाले यांचे सुरू.

म्हणून दिघाशीच्या तरुण मुलामुलींना आम्ही एक काम सुचवले आहे, आणि इतर गावांनीही ते करावे. येत्या वर्षावासात दर शनिवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाला बोलते करायचे. माईक नको, हार नको, प्रास्ताविक तर अजिबात नको. मोबाईलवर आवाज भरून ठेवायला हरकत नाही, पण मोबाईल हरवतात, बिघडतात, म्हणून हाताने लिहूनही घ्यायचे. बोली सुधारायची नाही. 'व्हते'चे 'होते' करायचे नाही. मध्ये प्रश्न विचारून गाडी रुळावर आणायची नाही, कारण रूळ त्यांचे आहेत. वहीला रुंद समास सोडायचा आणि त्यात साल लिहायचे. ते कसे काढायचे, तर त्यांच्याच बोलण्यातून. भूकंप म्हणाले तर ११ डिसेंबर १९६७. दुष्काळ म्हणाले तर १९७२. नामांतर झाले म्हणाले तर १४ जानेवारी १९९४. मोठा पूर म्हणाले तर बहुतेक २६ जुलै २००५, पण खात्री करून घ्यावी, कारण पूर पुष्कळ येतात. भिवंडीची दंगल म्हणाले तर मात्र विचारावेच लागेल, १९७० ची की १९८४ ची. दोन्ही मे महिन्यातल्याच आहेत. तिथे 'तेव्हा घरात कोण तान्हे होते' असे विचारले की साल आपोआप निघते.

बायकांना आणि पुरुषांना एकाच वेळी बसवू नये, असा आमचा अनुभव आहे. आजोबा शेजारी बसले की आजी 'ह्यांनाच इचारा' म्हणून गप्प होतात. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्या घरी जावे, विहारात बोलावू नये. आणि वही शंभर पानीच घ्यावी. दोनशे पानी पाहिली की पोरे आधीच दमतात, आणि म्हातारी माणसे, ही सगळी आम्हीच भरायची का, म्हणून घाबरतात. पेन मात्र दोन ठेवावेत.